मदत हवी आहे: आजोबांच्या ट्रंकेतली शिडाची जहाजं

नमस्कार. ठाण्यात चेंदणीतलं आमचं जुनं घर पाडायला काढलंय. पोटमाळा रिकामा करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आजोबा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. ट्रंकेत फंडाचे कागद, दोन पंचांगं आणि सात फोटो. सातही जहाजांचे, आजीचा एकही नाही!

मुख्य कोडं पहिल्या फोटोचं. भलं मोठं जहाज, चार डोलकाठ्या. पुढच्या तीनवर आडवे वासे एकावर एक, चौथीवर मात्र नाहीत. तिथे शीड जहाजाच्या लांबीत ताणलेलं. म्हणजे हे चार डोलकाठ्यांचं बार्क, इथवर माझी मजल गेली. कडेला काळ्यापांढऱ्या चौकटींची रांग आहे. मामा म्हणतो, त्या तोफांच्या खिडक्या, लढाऊ जहाज आहे आणि फोटो ठाणे बंदरातला. मला दोन्ही पटत नाही. व्यापारी जहाजांवरही अशा चौकटी नुसत्या रंगवत. आणि ओहोटीला आपल्या खाडीत होडकं चिखलात बसतं, तिथे हे धूड येणार कुठून?

फोटो पोस्टकार्डावर आहे. पाठीवर मधोमध उभी रेघ, एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला पत्ता. ब्रिटनमध्ये अशी कार्डं १९०२ पासून चालू झाली. कार्ड तिकडचं असेल तर त्यानंतरचं. फोटो मात्र आधीचाही असू शकतो. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर चहासारखा घाईचा माल आगबोटींकडे गेला, तरी गहू, कोळसा, चिलीचं नायट्रेट हा माल अशी शिडाची जहाजं पुढेही बरीच वर्षं वाहत होती. भिंगातून नावाची शेवटची दोनच रोमन अक्षरं लागतात, 'आय' आणि 'ए'. लॉईड्स या जहाजांची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या जुन्या रजिस्टरांत जहाजं नावावरून सापडतात, पण नुसत्या शेपटीवरून कसं शोधायचं?

दुसरा फोटो आपल्याकडचा, मागे तिवरं दिसतात. दोन डोलकाठ्या, दोन्ही पुढे कललेल्या, तिरक्या वाशावर शीड. मामा म्हणतो फत्तेमारी. कोळीवाड्यातले एक काका म्हणाले बतेला, तर काकू आतूनच ओरडल्या, "मचवा हाय तो!" नक्की ओळखायचं कशावरून? मागचा भाग सपाट आहे, त्यावर थोडं कोरीवकाम.

बाकीच्यांतले दोन फोटो दमटपणाने एकमेकांना चिकटलेत. काळ्या भागांवर चांदीसारखी झाक आलीय. एक फोटो मी ओळखीच्या स्टुडिओत दिला होता. तिथल्या पोराने ओल्या फडक्याने पुसला आणि आभाळच गेलं. तेव्हापासून कुणाच्या हातात द्यायची छाती होत नाही. ठाणे-मुंबईत असं काम जपून करणारं कुणी माहीत आहे का? चिकटलेले तसेच ठेवू की काही करता येईल?

पहिले दोन फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केलेत, रात्री टाकतो. हा धागा मामालाही दाखवणार आहे, तेव्हा फत्तेमारीबद्दल जरा बेताने लिहा.