मदत हवी आहे: गोरिलाच्या ‘मॉक चार्ज’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. आठवीच्या मुलांसाठी गोरिलावर लेख लिहितेय. 1847 साली पश्चिम आफ्रिकेतल्या गॅबन नदीकाठच्या कवट्यांवरून गोरिलाचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. पुढे पॉल द्यु शाय्यू हा प्रवासी-शिकारी त्याच जंगलांत हिंडला आणि 1861 च्या पुस्तकात त्याने छाती बडवत चालून येणारा राक्षसच उभा केला. युरोपात गोरिलाची तीच प्रतिमा रुजली.

आता आपल्याला ठाऊक आहे की नर बहुतेकदा कळपाच्या रक्षणासाठी धावून येतो. आधी आवाज चढवत जातो, उभा राहून पोकळ तळव्यांनी (मुठींनी नव्हे!) छाती बडवतो, झाडोरा ओरबाडतो, मग मुसंडी मारतो आणि अनेकदा चार पावलांवर थबकतो; हाच तो ‘मॉक चार्ज’. द्यु शाय्यू मात्र त्याआधीच गोळी झाडायचा. लेखाचा जीव इथेच आहे, म्हणून शब्द नेमका हवा.

‘खोटा हल्ला’ लिहून पाहिलं, पण त्याचा राग खोटा नसतो. ‘लुटुपुटूचा हल्ला’ म्हणजे खेळच वाटतो. ‘हूल देणे’ जवळचं आहे, पण त्यात फसवणुकीची छटा येते. शब्दकोशांत काही सापडलं नाही. इंग्रजी शब्द ठेवायचा नाहीये आणि संस्कृत जोडशब्द मुलांच्या तोंडी बसणार नाही.

हत्तीही असाच धावून येऊन थांबतो. चंदगड, आजरा, दोडामार्ग किंवा गडचिरोलीकडच्या मंडळींनो, हत्तीच्या अशा धावून येण्याला तुमच्याकडे बोलताना नेमकं काय म्हणतात?