१२३४५६७८९८७६५४३२१ मूळ संख्या आहे का?

सातवीतलीची_आई: लेकीने ही संख्या वहीत लिहून विचारलं. अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ ने भाग जातो. पुढचे अवयव कसे शोधायचे?

गणित_मास्तर: ताई, ही १११११११११ चा वर्ग आहे! तिला उभा गुणाकार मांडायला सांगा. ओळी एकेक घर सरकतात, मधल्या रांगेत नऊ एक जमतात. १११११११११ = ९ × ३७ × ३३३६६७, म्हणून मूळ अवयव तीनच: ३, ३७, ३३३६६७. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर अशांना डेम्लो संख्या म्हणत. किती सुंदर काम त्यांचं!

रेल्वेवाला: दहा एक घेतले तर?

गणित_मास्तर: मध्ये हातचा येतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. कागदावरच करू द्या, साध्या कॅल्क्युलेटरवर एवढे अंक मावत नाहीत.