प्रतिसाद: बाटलीत काय आहे ते विचारा

वर कुणीतरी म्हटलंय, सफाई कंपनीला पैसे टाकले की घर चकाचक, मग स्वतः कशाला राबायचं? सोफा-गाद्यांपुरतं मान्य, पाणी मारून लगेच ओढून घेणारं मशीन घरोघरी नसतं. पण बाथरूम कंपनीच्या माणसांच्या हाती देताना बाटलीत काय आहे ते आधी विचारा. नळावरचा पांढरा थर बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे पाण्यातल्या क्षाराचा असतो. सायट्रिक ॲसिडचं (लिंबूसत्त्वाचं) पाणी लावून जरा थांबलं की तो सुटतो. घाईतली माणसं सरळ कडक ॲसिड ओततात. मग फरश्यांच्या फटीतलं सिमेंट झिजतं, नळाची चकाकीही जाते. (संगमरवरावर तर लिंबूसुद्धा नको!) आणि ॲसिडवर ब्लीच कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू होतो. किचनमधल्या चिमणीची जाळी मात्र घरीच करा. गरम पाणी, भांड्यांचा साबण, जुना ब्रश, बस.