प्रति: केमिस्ट्रीनंतर पाण्याच्या भूरसायनात जाता येईल का?

नक्की येईल, मीही एम.एस्सी. केमिस्ट्री करूनच या विषयात (पाणी, गाळ, खडक यांच्यातल्या रासायनिक क्रियांचा अभ्यास) आले. नवी मुंबईत ऐरोलीला ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभं राहून खाडीचा पहिला गाळ काढला. वर तपकिरी पातळ थर, खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्यांचा वास. ऑक्सिजन संपला की जिवाणू खाऱ्या पाण्यातलं सल्फेट वापरतात, त्यातून लोहाचं सल्फाइड बनतं; काळेपणा त्याचाच. पुस्तकातलं रेडॉक्स (इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होणाऱ्या क्रिया) मला तिथे कळलं! (कांदळवनात उतरण्याआधी वनविभागाची परवानगी काढा, वेळ लागतो.)

आणि विरघळलेले धातू मोजायचे तर पाणी आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मगच नायट्रिक आम्ल घाला. मी उलटं केलं. गढूळ कणांना चिकटलेले धातूही पाण्यात उतरले, महिन्याभराचे नमुने फेकावे लागले.