ग्रेनाडा : पाच तासांत धबधबा, जंगल आणि चॉकलेट जमेल का?

सोनटक्का :
जानेवारीत आमची क्रूझ ग्रेनाडा या कॅरिबियन बेटाच्या सेंट जॉर्जेस बंदरात सकाळी आठ ते दुपारी दोन एवढीच थांबणार आहे. सोबत ७२ वर्षांच्या सासूबाई आहेत. त्यांना चालण्याचे काही वाटत नाही, पण ओल्या पायऱ्यांची धास्ती वाटते. धबधबा आणि वर्षावन तर पाहायचेच आहे, शिवाय यजमानांचा हट्ट आहे की चॉकलेट दुकानात नव्हे, झाडापासून पाहायचे. एवढ्या वेळात हे तिन्ही बसवता येईल का?

वाटसरू :
पहिली दोन ठिकाणे नक्की जमतील. ॲनन्डेल धबधबा बंदरापासून गाडीने जेमतेम वीस मिनिटांवर आहे, उंचीला सुमारे दहा मीटर, आणि रस्त्यापासून बांधीव वाटेने काही मिनिटांतच समोर येतो, त्यामुळे सासूबाईंनी कठड्याला धरून सावकाश उतरावे. वरून डोहात उड्या मारणारी तिथली मुले नंतर बक्षिशीची अपेक्षा ठेवतात, म्हणून सुटे पैसे जवळ असू द्यावेत. तोच रस्ता पुढे चढत ग्रँड एटांगला जातो. सुमारे ५३० मीटर उंचीवर, मृत ज्वालामुखीच्या मुखात हे तळे आहे आणि भोवती दाट वर्षावन आहे. तिथली मोना माकडे मूळची पश्चिम आफ्रिकेतली. गुलामांच्या व्यापाराच्या काळात ती जहाजांतून इथे आली. सेव्हन सिस्टर्स धबधब्यांचा मोह मात्र टाळावा, कारण ती वाट चिखलाची आहे. परतल्यावर बंदराजवळच हाउस ऑफ चॉकलेट हे छोटे संग्रहालय आणि दुकान आहे, ते अर्ध्या तासात पाहून होते.

जायपत्री :
वरील सल्ला सुरक्षित आहे, पण त्यात यजमानांचा हट्ट पुरा होत नाही. त्यासाठी उत्तरेकडील सेंट पॅट्रिक परगण्यातल्या बेलमाँट इस्टेटवर जावे लागेल, आणि वळणावळणांच्या रस्त्याने तिथे पोहोचायलाच तासाहून अधिक वेळ लागतो. तिथे फोडलेल्या कोकोच्या शेंगेतला पांढरा, आंबटगोड गर चोखायला देतात. त्यात चॉकलेटची चव औषधालाही नसते, ती पुढे येते. ओल्या बिया केळीच्या पानांखाली झाकून आठवडाभर आंबवतात, मग लाकडी ट्रेवर उन्हात पसरतात आणि आपल्याकडे खळ्यात वाळत घातलेल्या भातातून पाय ओढत फिरतात, अगदी तसेच त्यांतून फिरतात. मला तर धबधब्यापेक्षा तो आंबूस वासच अधिक लक्षात राहिला आहे. मात्र बेलमाँट निवडल्यास ॲनन्डेल सोडावा. ग्रँड एटांग वाटेत गाडीतूनही दिसते.

सोनटक्का :
दोघांचेही आभार. घरी मतदान झाले आणि सासूबाईंनीच बेलमाँटच्या बाजूने कौल दिला, कारण माहेरच्या वाडीतले जायफळ त्यांना तिथल्या जायफळाशी ताडून पाहायचे आहे!

वाटसरू :
मग ते अवश्य पाहावे. ग्रेनाडाच्या झेंड्यावरही जायफळच आहे. २००४ च्या आयव्हन चक्रीवादळात तिथल्या जायफळाच्या बागा आडव्या झाल्या होत्या, त्यामुळे वयस्क झाड दिसले तर त्यांना मुद्दाम दाखवा. अंतर पाहता साडेआठलाच गाडी निघायला हवी, आणि जहाजावरचे घड्याळ स्थानिक वेळेनुसार आहे की नाही हे उतरण्यापूर्वी विचारून घ्यावे. आणखी एक, यजमानांची लष्करी छापाची टोपी किंवा अर्धी विजार असेल तर ती जहाजावरच ठेवावी. तिथे तसे कपडे घालण्यास कायद्याने बंदी आहे.