प्रेम मिळते, पण कुणाच्या अंगाने?

दूरचित्रवाणीसाठी काढलेल्या चित्रपटांत जाड मुलीच्या वाट्याला प्रेम येतच नाही, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. २००७ साली लाइफटाइम या अमेरिकी वाहिनीच्या ‘टू बी फॅट लाइक मी’मध्ये सडपातळ नायिकेला जाडीचा पोशाख चढवला होता, पुढच्याच वर्षी ‘क्वीन साइज्ड’मध्ये निकी ब्लॉन्स्की ही खरोखरच स्थूल अभिनेत्री नायिका झाली, आणि माझ्या मते खरा फरक तिथे पडला. आपल्याकडे २०२० मध्ये ‘सुंदरा मनामध्ये भरली’ ही जाड नायिकेची मालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या कोल्हापुरात, जिथे तालमीतल्या पैलवानाच्या भरल्या अंगाचे कौतुक अख्खी गल्ली करते, तिथे त्या नायिकेसाठी, लतिकासाठी, डोळे पुसणाऱ्या काकूच दुसरी भाकरी नाकारणाऱ्या पुतणीला म्हणत होत्या, “बरं केलंस, पावणं यायच्यात बघायला.”