दुखण्यात आणि एकटेपणात देव जवळ आहे हे ओळखायचं कसं? (वारकरी नेमाबद्दल)

कार्तिकी_एकादशी:
नमस्कार मंडळी. सत्तरी ओलांडलेल्या एका माळकरी बाईंसाठी विचारते आहे. मणक्याचं जुनं दुखणं, दिवसाचे बरेच तास पलंगावर, यजमान नाहीत, मुलं परदेशी. त्या म्हणतात, "नाम तोंडातून निघतं, पण पलीकडे कुणी आहे असं वाटत नाही." भेटायला येणारे "प्रारब्धाचे भोग आहेत, भोगून संपवा" किंवा "देव परीक्षा बघतोय" असं सांगून जातात. त्यानंतर त्या दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत.

देव जवळ आहे याची खूण संप्रदायात नेमकी कशाला मानतात? अर्धा तास बसवत नाही, बोटं आखडल्यामुळे माळ धरवत नाही, अशा वेळी नेम कसा बसवायचा? वाचून काय दाखवावं, काय टाळावं? अनुभवकथन नको, उद्यापासून करता येईल असं सांगा.

टाळकरी:
ताई, आधी ते "भोग" आणि "परीक्षा" दाराबाहेर ठेवा. गीतेत (७.१६) भक्तांचे चार प्रकार मोजलेत, त्यात पहिलं नाव आर्ताचं आहे. पुढे ७.१८ मध्ये चौघांनाही उदार, म्हणजे थोर, म्हटलंय. दुखणाऱ्या माणसाने कळवळून हाक मारणं ही कमी प्रतीची भक्ती आहे, असं म्हणायला तिथे आधार नाही.

आता खूण. मनाला ऊब वाटणं, अंगावर काटा येणं, डोळे भरून येणं ही खूण धरली की घोटाळा होतो. सततची वेदना आणि मोडलेली झोप आधी हीच जाणीव बोथट करतात. तोंडाची चव जाते तशी नामाची गोडीही जाते. ती गेली म्हणून देव गेला असा हिशेब माणूस मांडतो, आणि तो हिशेब चुकीचा असतो. फूल पडलं, दिवा स्थिर राहिला, स्वप्नात दर्शन झालं यांचंही तेच. एकदा कौल मागायची सवय लागली की ज्या दिवशी फूल पडत नाही त्या दिवशी माणूस "नाकारलं" असं वाचतो.

नामदेवरायांचे समाधीचे अभंग काढून बघा. १२९६ साली आळंदीला ज्ञानदेव समाधिस्थ झाले तो प्रसंग. निवृत्तिनाथ थोरले भाऊ, शिवाय ज्ञानदेवांचे गुरू. त्यांच्या शोकासाठी नामदेव लिहितात, "बांधल्या तळ्याचा फुटलासे पाट". मुख्य गोष्ट अशी की त्या अभंगांत पांडुरंग तिथेच, त्या मंडळींत आहे. देव शेजारी असताना निवृत्तिनाथ ढसाढसा रडतात, आणि त्यांना कुणी अभक्त ठरवत नाही. जवळ देव असणं आणि दुःख थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या बाईंना हे एवढं कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

जनाबाई तर विठ्ठलाला "विठ्या" म्हणून शिव्या घालते. ज्याच्यावर रागवायचं तो समोर आहे हे धरूनच माणूस रागावतो. म्हणून मी खूण धरतो ती एवढीच: कोरडी का होईना, हाक थांबलेली नाही. तुमच्या बाई "पलीकडे कुणी नाही" असं म्हणतात आणि तरी नाम घेतात. हे रिकामेपण नव्हे, याला आपल्याकडे विरह म्हणतात आणि त्यावर संतांचे अभंग आहेत.

वाचून दाखवायला तुकोबांचे करुणापर अभंग घ्या. "कन्या सासुर्यासी जाये" आणि "भेटीलागी जीवा लागलीसे आस" या दोन्हींत देव अजून आलेला नाही, अभंग वाट बघण्यातच संपतो. त्यामुळे ऐकणाऱ्यावर "आता तुला बरं वाटलंच पाहिजे" असा दाब येत नाही. रामदासांची करुणाष्टकंही चालतील, एका वेळी चार-पाच श्लोक पुरेत.

टाळायचं ते वैराग्य आणि देहाच्या नश्वरतेचं. "आपुले मरण पाहिले म्यां डोळां" फार उंच अभंग आहे, पण एकट्या आजारी माणसाच्या उशाशी तो भलतीकडे लागतो. "बरे जाले देवा निघाले दिवाळे" याबद्दलही सांभाळून. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांचं घर आणि व्यापार उद्ध्वस्त झाला, पहिली बायको गेली. पुढे मागे वळून त्यांनी ते स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटलं. दुसऱ्याच्या दुःखाला "बरं झालं" म्हणायचा परवाना त्यात नाही. कीर्तनात हा अभंग घेणारे निम्मे लोक ही गोष्ट विसरतात.

नेमधारी:
टाळकरींशी सहमत. मी फक्त नेमाचं सांगतो.

जपाचे तीन प्रकार: वाचिक, उपांशु, मानस. मानस श्रेष्ठ म्हणतात, पण दुखण्यात तोच सगळ्यात आधी मोडतो, कारण मन वेदनेकडे खेचलं जातं आणि जप कधी सुटला ते कळतही नाही. म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करायची. दिवसा स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात, रात्री ओठ हलतील पण आवाज नाही असा उपांशु. "राम कृष्ण हरि" एका उच्छ्वासात एकदा. श्वास रोखायचा नाही, लांबवायचा नाही. धाप लागत असेल तर नुसतं "हरि". या चालीने १०८ व्हायला सात-आठ मिनिटं लागतात.

माळ धरवत नसेल तर करमाला. अंगठ्याने उजव्या हाताची पेरं मोजायची: अनामिकेचं मधलं पेर पहिलं, मग तिचंच खालचं, मग करंगळीची तिन्ही खालून वर, मग अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, शेवटी तर्जनीची तिन्ही वरून खाली. झाले दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू, ती ओलांडायची नाहीत. अंगठाही दुखत असेल तर पेरावर टेकवू नका, नुसती नजर फिरवा.

सगळ्यात मोठी चूक आकड्याची. निरोगी असताना रोज पाच माळा व्हायच्या, आता एकही होत नाही, मग "नेम मोडला" ही टोचणी दुखण्यावर चढते. आकडा इतका खाली आणा की वाईटातल्या वाईट दिवशीही पुरा होईल. एक दहा. बस्स. चांगल्या दिवशी जास्त झालं तर ते जमेत धरायचं नाही, नाहीतर महिन्याभरात तोच नवा आकडा होऊन बसतो.

हरिपाठाचंही तसंच. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग (काही प्रतींत शेवटी फलश्रुतीचा धरून २८). एका बैठकीचा हट्ट सोडून नऊ-नऊचे तीन भाग करा, किंवा रोज तीन, म्हणजे नऊ दिवसांत एक आवर्तन. वेळ दुखण्याच्या गोळीशी जोडा. गोळी लागू पडल्यावर, बहुधा अर्ध्या-पाऊण तासाने, जो निवांतपणा मिळतो तो नेमाला द्यायचा. आणि एक वेळ तिन्हीसांजेची ठेवाच. घरातली वर्दळ थांबलेली असते, एकटेपण सगळ्यात जास्त तेव्हाच टोचतं.

मोबाईलवर दिवसभर हरिपाठ लावून ठेवू नका. दोन दिवसांत तो पंख्याच्या आवाजासारखा होतो. हरिपाठाची रीतच अशी की एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी धरायचं. मुलीने परदेशातून फोनवर म्हणावा, पण बरोबरीने नको. फोनचा आवाज किंचित उशिरा पोचतो, ताल चुकतो आणि दोघी अर्ध्यात थांबतात. एक चरण मुलीचा, पुढचा आईचा, असं आळीपाळीने घ्या. आठवड्यातून दोनदा, वेळ ठरलेली. त्या बाईंना पलीकडून उत्तर येण्याची सवय मोडली आहे, ती आधी माणसाच्या आवाजाने जुळू द्या.

तसबीर कुठे आहे तेही बघा. बहुतेक घरांत ती पलंगाच्या डोक्याशी, वर भिंतीला असते. झोपलेल्या माणसाला ती दिसतच नाही. ज्या कुशीवर त्या जास्त वेळ असतात त्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीला ठेवा. काचेवर ट्यूबलाइट चमकत असेल तर काच काढा.

अहमदनगरकर:
वारकरी नाही, ख्रिस्ती आहे, पण प्रश्न आमच्याकडेही हाच असतो म्हणून थोडं. बायबलच्या स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत. १३ वं फक्त सहा ओव्यांचं: पहिल्या दोनांत "कोठवर?" अशी तक्रार, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. आजाऱ्याला ही चौकट सोपी जाते. स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यं तक्रारीची, दोन मागणीची बोलायची. भरवशाचं त्या दिवशी येत नसेल तर सोडून द्यायचं. ८८ वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटी दिलासा नाही, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. वधस्तंभावर येशूने "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे २२ व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य उच्चारलं. टाळकरींनी विरहाबद्दल लिहिलंय त्याच्या हे फार जवळचं वाटलं.

परिचारिका_पुणे:
सगळं छान, पण दोन गोष्टी राहिल्या. एकादशीला निर्जळी किंवा उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या घेऊ देऊ नका, जठराला इजा होते, रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेह असेल तर गोळी चालू आणि जेवण बंद यात साखर एकदम उतरते. आजाऱ्याला उपवासाची सक्ती नाही, हे घरातल्या थोरामोठ्याने मोठ्याने सांगावं लागतं, नाहीतर त्या लपवून करतात.

दुसरं, सगळंच विरह समजू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, जेवण तुटलंय, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप नाही, "माझा भार झालाय" असं बोलणं, अशी लक्षणं असतील तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात. "मरण आलं तर बरं" असं म्हणाल्या तर लगेच, वाट बघू नका, आणि तोवर त्यांना एकटं ठेवू नका. औषध घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे. दुखणं मुकाट सोसल्याने पुण्य लागतं हेही डोक्यातून काढा.

कार्तिकी_एकादशी:
सगळ्यांचे आभार. तसबीर खरंच डोक्याशी आहे! एकच शंका. रोज आंघोळ होत नाही, अंग पुसून घेतात. त्यामुळे "पारोशाने नाम कसं घ्यायचं" म्हणून सकाळचा नेम त्या दुपारवर ढकलतात आणि दुपारी गळून गेलेल्या असतात.

टाळकरी:
हरिपाठातलाच चरण त्यांना म्हणायला सांगा: "काळवेळ नाम उच्चारितां नाहीं". नामाला सोवळं-ओवळं लागत नाही. पूजेचं वेगळं, ती दुसऱ्या कुणी केली तरी चालते. त्यांनी डोळे उघडले की अंथरुणातच, तोंडही न धुता, एक दहा म्हणून टाकायचे. अंग पुसायची वेळ मग कधीही येऊ दे.